पुढें कॅमेरा आहे!

मोटार बाळगणाऱ्या आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे एक गाऱ्हाणें वारंवार ऐकूं येतें. मोबाइलमधील किंवा मोटारींतील मार्गदर्शक यंत्र "पुढें कॅमेरा आहे" असा जो इशारा देतें, तो भरंवशाचा नाहीं, असें हें गाऱ्हाणें आहे. जेथें कॅमेरा नाहीं तेथें यंत्र ओरडतें, आणि जेथें तो खांबावर डोळे वटारून बसला आहे तेथें तें मूग गिळून बसतें. मग कांहीं दिवसांनीं दंडाचें चलान मोबाइलवर येऊन थडकतें, आणि गृहस्थ सरकारला दोन व यंत्र करणाऱ्या कंपनीला चार शिव्या मोजून मोकळा होतो. कोणतें यंत्र अधिक विश्वासू, कोणाची यादी अधिक ताजी, कोणाचा इशारा किती मीटर आधीं येतो, या प्रश्नांवर चांगलीं पदवीधर माणसें चहाचे पेले थंड होईपर्यंत भांडतात. या सर्व वादांत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. तो हा कीं, हा इशारा आपणांस हवा कशाला?

प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी दाखविण्याचा आमचा विचार आहे. पहिली ही कीं, इशारा भरंवशाचा नाहीं ही तक्रार अगदीं खरी असून तसें असणें हें त्या यंत्राच्या घडणींतच आहे. दुसरी ही कीं, तो इशारा उद्यां पूर्णपणें भरंवशाचा झाला, तर त्यांत समाजाचें हित नसून हानि आहे. पहिलें विधान कोणासहि पटेल. दुसऱ्यावर रागावणारे पुष्कळ निघतील, आणि त्यांच्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम यंत्राकडे वळूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, मार्गदर्शक यंत्र पुढचा कॅमेरा कसा तरी 'पाहतें'. तें कांहीं एक पाहत नाहीं. त्याच्यापाशीं असते ती केवळ एक यादी: अमुक अक्षांशावर, अमुक रेखांशावर, अमुक दिशेला तोंड करून एक कॅमेरा आहे. उपग्रहांच्या संदेशांवरून यंत्र स्वतःचें ठिकाण काढतें, आणि तें ठिकाण यादींतील एखाद्या बिंदूच्या जवळ आलें कीं घंटा वाजवितें. म्हणजे इशाऱ्याचा खरेपणा दोन गोष्टींवर अवलंबून आहे. आपण कोठें आहों हें यंत्राला बरोबर कळलें पाहिजे, आणि त्याच्याजवळची यादी खरी असली पाहिजे.

यांपैकीं पहिल्या बाबतींत बरीच प्रगति झाली आहे. अमेरिकन सरकार जी.पी.एस.च्या नागरी संदेशांत मुद्दाम जी अशुद्धता मिसळीत असे, ती मे २००० मध्यें बंद झाली, आणि आज मोकळ्या आकाशाखालीं साधा मोबाइलहि आपलें ठिकाण सुमारें पांच मीटरांच्या आंत सांगूं शकतो. परंतु सगळेंच आकाश मोकळें नसतें. उंच इमारतींच्या दाटींत संदेश भिंतींवर आपटून वांकडे येतात. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरील भातण किंवा माडप बोगद्यांत ते पोंचतच नाहींत. उड्डाणपूल आणि त्याच्या पोटाखालचा रस्ता हे नकाशावर एकाच रेषेंत येतात, म्हणून पुलावरच्या कॅमेऱ्याचा इशारा खालीं सिग्नलपाशीं उभ्या असलेल्या बिचाऱ्याला मिळतो. तथापि यंत्राच्या बाजूनें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. उपग्रहावरून काढलेला वेग हा गाडीच्या कांट्यापेक्षां बहुधा सत्याला अधिक जवळ असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकीं ३९ वा नियम सांगतो कीं, कांट्यानें खऱ्या वेगाहून कमी वेग कधींहि दाखवूं नये. अधिक दाखविला तर मात्र खऱ्या वेगाच्या एक दशांशावर आणखी ताशीं ४ किलोमीटर इथपर्यंत चालेल. म्हणजे कांटा मुळांतच सावधपणाकडे झुकलेला असतो. तो शंभरावर असतां गाडी बहुधा शंभराच्या खालींच असते. त्यावर विसंबणाऱ्याला सहसा दंड होण्याचें कारण नाहीं.

खरी रड आहे ती यादीची. कॅमेरे नवे बसतात, जुने बंद पडतात, रस्त्याच्या कामासाठीं हलविले जातात. यादी मात्र जुन्या पंचांगासारखी मागल्या सालचे ग्रह दाखवीत राहते. यावर उपाय म्हणून कांहीं कंपन्यांनीं यादी ताजी ठेवण्याचें काम चालकांवरच सोंपविलें. इस्रायलांत निघालेल्या 'वेझ' या योजनेचा पायाच हा होता, आणि ती २०१३ मध्यें गूगलनें विकत घेतली. यांत वाटसरूंचे हजारों डोळे मदतीला येतात हें खरें. पण त्या डोळ्यांत घाईचे, चुकीचे आणि खोडसाळहि असतात. शिवाय पोलिसांची गाडी वेग मोजण्याची बंदूक घेऊन आज या झाडाखालीं, तर उद्यां त्या पुलामागें उभी राहते. यादी करणाऱ्यानें अशा वेळीं काय करावें? जेथें जेथें ती गाडी कधीं काळीं उभी होती तीं सारीं ठिकाणें यादींत घातलीं, तर यंत्र दर दोन मैलांवर ओरडेल, आणि 'लांडगा आला रे आला' या गोष्टींतल्या गांवकऱ्यांप्रमाणें चालक त्याकडे दुर्लक्ष करूं लागेल. केवळ खात्रीचींच ठिकाणें घातलीं, तर नेमका लांडगा येईल त्या दिवशीं मुलगा गप्प असेल. एक चूक कमी करावयास जावें तर दुसरी वाढते. हा कोणा एका कंपनीचा आळस नसून, चंचल वस्तूची स्थिर यादी करूं पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वांट्याला येणारी अडचण आहे.

त्यांतच आतां सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आले आहेत. इटलींतील मोटारमार्गांवर ते २००५ पासून आहेत, आणि मुंबई-पुणें मार्गावर जुलै २०२४ मध्यें जी नवी वाहतूक-व्यवस्था सुरू झाली तिच्यांतहि ही सोय आहे. यांचें गणित प्राथमिक शाळेंतलें आहे. दोन कमानींत १० किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशीं १०० ची आहे असें समजूं. तर हें अंतर तोडण्यास निदान सहा मिनिटें लागलीं पाहिजेत. तुम्ही पांच मिनिटांत पोंचलां, तर तुमचा सरासरी वेग १२० होता, मग दोन्ही कमानींखालून तुम्ही गोगलगाईसारखे कां गेलेले असेनात. येथें "पुढें कॅमेरा आहे" हा इशारा खरा असूनहि निरुपयोगी ठरतो. कारण कॅमेरा पुढें नाहीं, मागें नाहीं, सगळा रस्ताच कॅमेरा आहे.

ही लपाछपी आजची नव्हे. इंग्लंडांत १९०३ च्या मोटार-कायद्यानें ताशीं २० मैलांची मर्यादा घातली, आणि पोलीस कुंपणाआड घड्याळ घेऊन बसूं लागले. त्यावर उतारा म्हणून १९०५ मध्यें मोटारवाल्यांनीं 'ऑटोमोबाइल असोसिएशन' ही संस्था काढली. तिचे सायकलस्वार पहारेकरी रस्त्यावर फिरत, आणि पुढें पोलीस दबा धरून बसले असल्यास तशी सूचना देत. १९१० च्या सुमारास 'बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स' या खटल्यांत सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टन यांच्या न्यायासनानें असें ठरविलें कीं, वेगमर्यादा मोडीत असलेल्या चालकास अशी सूचना देणें म्हणजे पोलिसाच्या कर्तव्यांत अडथळा आणणें होय. तेव्हां संस्थेनें तोड काढली. पहारेकऱ्यानें सभासदाच्या गाडीला सलाम करावयाचा, आणि त्यानें सलाम केला नाहीं तर सभासदानें थांबून त्याचें कारण विचारावयाचें. मौनाबद्दल कोणाला शिक्षा करणार? आजचें यंत्र हें त्या सायकलस्वाराचें नातवंड आहे. आजोबा न बोलून सांगत, नातवंड किंचाळून सांगतें, एवढाच काय तो फरक.

कॅमेऱ्याची कुळकथा याहूनहि बोधप्रद आहे. मॉरिट्स गॅट्सोनिडेस हा डच मोटार-शर्यतपटु. १९५३ ची माँटे कार्लोची शर्यत त्यानें जिंकली होती. वळणावर आपली गाडी नेमकी किती वेगानें जाते हें कळावें, आणि त्यावरून आपली चाल सुधारतां यावी, म्हणून त्यानें वेग मोजण्याचें साधन सिद्ध केलें. १९५८ मध्यें त्यानें त्यासाठीं कंपनी काढली, साधन पोलिसांच्या हातीं गेलें, आणि पुढें इंग्लंडांत 'गॅट्सो' हा शब्दच वेग-कॅमेऱ्याचें नांव होऊन बसला. वेगाची ज्याला सर्वांत अधिक हौस, त्याला आपला वेग खरोखर किती हें जाणून घ्यावेंसें वाटलें. आणि आमच्या हौशी गृहस्थाला आपला वेग जाणावयाचा नसून, तो मोजणारा कोठें उभा आहे एवढेंच जाणावयाचें आहे.

आमच्या शिक्षकी पेशांत या वृत्तीशीं फार जुना परिचय आहे. परीक्षा जवळ आली कीं बाजारांत 'अपेक्षित प्रश्नां'चे संच येतात. विद्यार्थी पुस्तक मिटून ठेवतो आणि संच पाठ करतो. संचांतले प्रश्न आले तर तो स्वतःला हुशार म्हणवितो; न आले तर संच काढणाऱ्याला फसव्या म्हणतो. पुस्तक वाचावयाचें असतें हें त्याच्या गांवींहि नसतें. या विद्यार्थ्याचा बाप त्याला रागें भरतो, आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं त्यालाच मागल्या आसनावर बसवून, "अरे, मोबाइलकडे लक्ष ठेव, कॅमेरा आला कीं सांग" असें म्हणत गाडी हांकतो. नीतीचे धडे मुलें शाळेंत शिकतात ही कल्पना शिक्षकांनीं केव्हांच सोडून दिली आहे. तीं तीं मागल्या आसनावर शिकतात.

आतां पूर्वपक्षाकडे वळूं. पहिला आक्षेप असा: "कॅमेरे धोक्याच्या जागीं बसविलेले असतात, इशारा ऐकून चालक तेथें वेग कमी करतो, मग इशाऱ्यानें सुरक्षितता वाढलीच ना?" हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु चालक वेग कमी करतो तो कॅमेऱ्यापाशीं, आणि कॅमेरा मागें पडतांच गमावलेलीं मिनिटें वसूल करण्यासाठीं पूर्वींपेक्षांहि जोरानें निघतो. पाश्चात्य अभ्यासकांनीं या चालीला कांगारूच्या उडीची उपमा दिली आहे. इशारा उशिरां आला तर तो भरधाव मार्गावर एकदम ब्रेक दाबतो, आणि मागून येणाऱ्याचा जीव धोक्यांत घालतो. शिवाय अपघाताला कॅमेऱ्याची जागा ठाऊक नसते. ताशीं १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळें तिचा वेग दर सेकंदाला सेकंदीं ७ मीटरांनीं कमी होतो असें धरलें, तर ब्रेक लागल्यापासून ती सुमारें ५५ मीटरांत थांबते. १२० च्या वेगाच्या गाडीला ७९ मीटर लागतात. आतां वाचकांनीं पुढील गोष्ट मनांत घोळवावी. शंभराची गाडी जेथें पूर्ण थांबलेली असते, त्याच जागीं एकशेंवीसची गाडी अद्याप ताशीं सुमारें ६६ किलोमीटरांच्या वेगानें धांवत असते. तेथें जर एखादें मूल उभें असेल, तर पहिल्या गाडीनें तें घाबरतें आणि दुसऱ्या गाडीनें तें मरतें. वीस किलोमीटरांचा हा फरक आम्हीं 'थोडासा' म्हणून चहाबरोबर गिळून टाकतों. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि केंद्र सरकारच्या अहवालांत त्यांपैकीं शेंकडा सुमारें ७१ मृत्यु अतिवेगाच्या सदरांत नोंदलेले आहेत. हे सारे मृत्यु कॅमेऱ्याखालीं झालेले नाहींत.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे. "कॅमेरे हें सरकारचें पैसे उकळण्याचें साधन आहे; मर्यादेच्या पाट्या दिसत नाहींत, एकाच रस्त्यावर मर्यादा दर मैलाला बदलते, आणि नागरिक जाळ्यांत सांपडतो. मग त्यानें आपला बचाव कां करूं नये?" या आक्षेपांतील तक्रारीचा भाग आम्हांस मान्य आहे, आणि तो मान्य न करणें म्हणजे अधिकाऱ्यांची खुशामत करणें होय. परंतु कायदा येथें नागरिकाच्या बाजूनेंच बोलतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्यें १६७-अ हा नियम घालण्यांत आला. त्याप्रमाणें, ज्या रस्त्यावर यंत्रांनीं देखरेख होते त्याच्या आधीं ठळक सूचनाफलक लावणें बंधनकारक आहे; यंत्राच्या अचूकपणाचें प्रमाणपत्र दर वर्षीं नवें करून घेतलें पाहिजे; आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आंत पाठविली पाहिजे. म्हणजे "पुढें कॅमेरा आहे" हें सांगण्याचें काम कायद्यानें सरकारच्याच गळ्यांत बांधलें आहे. इंग्लंडांत कॅमेरे पिवळे रंगवितात तेंहि याच हेतूनें. चालकानें तो पाहावा आणि वेग कमी करावा, दंड भरावा असें नव्हे. आतां ज्याला फलक दिसला नाहीं त्यानें काय करावें? त्यानें नियमाचा आधार घेऊन तक्रार करावी, वर्तमानपत्रांतून लिहावें, प्रमाणपत्राची तारीख मागावी. यांत दहा जणांचा फायदा आहे. उलट, यंत्राच्या इशाऱ्यानें जो एकटा सुटतो तो फलक नसल्याचें दुःख विसरतो, आणि फलक कधींच लागत नाहीं. पळवाट सांपडलेल्या माणसाला सुधारणेची निकड राहत नाहीं, हें आमच्या सार्वजनिक जीवनाचें जुनें दुखणें आहे. आणि दंड हा जर सरकारी लूट वाटत असेल, तर त्या लुटीवर एक हमखास उपाय आहे: मर्यादेंत गाडी चालवावी. मोटारीच्या अतिवेगाला कायद्यानें १,००० ते २,००० रुपये दंड सांगितला आहे. तो सरकारच्या तिजोरींतून हिरावून घेण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाहीं.

तिसरा आक्षेप: "मर्यादाच अवास्तव आहेत. एवढा गुळगुळीत रस्ता बांधावयाचा, आणि १०० वर अडकवावयाचें!" मर्यादा चूक असूं शकते, आणि ती बदलून घेण्याचा मार्ग खुला आहे. समृद्धि महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, ती कोणाच्या चोरून गाडी हांकण्यानें नव्हे, रस्त्याच्या आंखणीनें ठरली. ज्याला मर्यादा अन्याय्य वाटते त्यानें ती उघडपणें मोडून दंड भरावा आणि भांडावें. तो सत्याग्रह होईल. कॅमेऱ्यापुढें साधु आणि कॅमेऱ्यामागें स्वच्छंदी, याला मात्र सत्याग्रह म्हणतां येत नाहीं.

मग यंत्र फेंकून द्यावें काय? मुळींच नाहीं. इतर देशांनीं यांतून वेगवेगळे मार्ग काढले आहेत. जर्मनींत, गाडी चालवितांना कॅमेऱ्यांचा इशारा देणारें साधन वापरण्यास चालकाला मनाई आहे, आणि २०२० पासून त्यांत मोबाइलचाहि स्पष्टपणें समावेश होतो. फ्रान्सनें जानेवारी २०१२ मध्यें कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणें बंद केलें. तेथील यंत्रें आतां 'धोक्याचा टापू' सांगतात, आणि तो टापू मोटारमार्गावर ४ किलोमीटर, गांवाबाहेर २ किलोमीटर व गांवांत ३०० मीटर लांबीचा असतो. बिंदूच्या जागीं टापू आणण्याची ही युक्ति शहाणपणाची आहे. कारण बिंदूपाशीं ब्रेक दाबतां येतो, टापूंत मात्र शहाण्यासारखें वागावें लागतें. पण सर्वांत उत्तम मार्ग युरोपीय संघानें धरला आहे. जुलै २०२४ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत असें साधन सक्तीचें आहे कीं, तें रस्त्याची मर्यादा ओळखतें, आणि ती ओलांडली जातांच चालकाला सावध करतें. तेथेंहि पाटी चुकीची वाचली जाते, नकाशा जुना असतो. पण या चुकीचा परिणाम पाहा. कॅमेऱ्याचा इशारा चुकला तर माणूस म्हणतो, "मला पकडलें". मर्यादेचा इशारा चुकला तर तो डोळे वर करून पाटी शोधतो. पहिल्या यंत्रावर विसंबणारा पहारेकऱ्याकडे पाहतो, दुसऱ्यावर विसंबणारा रस्त्याकडे.

म्हणून आमचें मागणें असें आहे. सरकारनें प्रत्येक महामार्गाच्या वेगमर्यादा, त्या कोठें बदलतात त्या स्थळांसह, सर्वांना मोफत मिळतील अशा यादींत प्रसिद्ध कराव्या, आणि मर्यादा बदलली कीं त्याच दिवशीं ती यादीहि बदलावी. मर्यादा ही लपण्याची वस्तु नव्हे, ती हलत नाहीं, झाडाखालीं दबा धरीत नाहीं. तिची यादी भरंवशाची करणें पूर्णपणें शक्य आहे. यंत्र करणाऱ्यांनीं "पुढें कॅमेरा आहे" ऐवजीं "येथें मर्यादा इतकी, तुमचा वेग इतका" असें बोलावें. आणि आमच्या सुशिक्षित बंधूंनीं कॅमेऱ्यांच्या जागा एकमेकांना कळविण्यांत जो उत्साह दाखविला, त्याचा दहावा हिस्सा पुसट झालेल्या पाट्या सरकारला कळविण्यांत दाखवावा.

ज्या कायद्याचें पालन पाहणारा असेल तेवढेंच होतें, तो कायदा पाहणाऱ्याच्या डोळ्यापुरताच जिवंत असतो. रस्त्यावर मात्र बहुतेक जागा अशा आहेत कीं जेथें कोणी पाहत नाहीं. तेथें डोक्यावर भारा घेतलेली बाई रस्ता ओलांडते, सायकलवरून मूल शाळेला जातें, घाटांत बंद पडलेल्या गाडीपाशीं कोणी तरी चाक बदलीत असतो. त्यांच्यासाठीं कोणत्याहि यंत्रांत घंटा वाजत नाहीं. ती चालकाच्या ठायींच वाजली पाहिजे. आणि ज्याच्या ठायीं ती वाजते, त्याला पुढें कॅमेरा आहे कीं नाहीं याची चौकशी करण्याचें कांहींच कारण उरत नाहीं.